दुसऱ्या पर्वाबद्दल मी चुकीचं लिहिलं

२०१९ च्या दिवाळीत आमच्या भागातल्या एका दिवाळी अंकात माझी एक परिचर्चा छापून आली होती. विषय होता 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचं दुसरं पर्व आणि त्याबद्दल पेण तालुक्यातल्या, मुख्यतः रामवाडीतल्या, प्रेक्षकांची मतं. शीर्षक मीच दिलं होतं, 'भूत गेलं, शेवंता आली'. पहिल्या पर्वाची भीती दुसऱ्या पर्वात उरलेली नाही, प्रेक्षक नाराज आहेत, जे बघतात ते शेवंतेसाठी बघतात आणि घरच्या बायकांना हे सगळं मनापासून आवडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पाच पानांचा मजकूर होता. लोकांनी वाचला, चारचौघांत त्याचं कौतुकही झालं. आज तो समोर ठेवून वाचतो तेव्हा त्यातला जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष चुकलेला दिसतो, आणि तो कसा चुकला हेही स्वच्छ दिसतं. ते सगळं इथे लिहून ठेवायचं आहे.

मालिका माहीत नसलेला मराठी माणूस विरळाच, तरी थोडक्यात सांगतो. झी मराठीवर पहिलं पर्व २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपलं. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावचा वाडा, नाईकांचं कुटुंब, मालवणी बोली आणि पहिल्याच भागात कर्त्या पुरुषाचा, अण्णा नाईकांचा, मृत्यू. त्यानंतर घरात जे जे घडतं ते कुणाचं काम, माणसाचं की आणखी कशाचं, यावर ते पर्व चाललं. दुसरं पर्व १४ जानेवारी २०१९ ला आलं. ती आधीची गोष्ट होती. अण्णा जिवंत असतानाची, म्हणजे त्यांचा धाक, त्यांची जमिनीची हाव, त्यांच्या बायकोचे, म्हणजे माईंचे, हाल आणि त्यांच्या आयुष्यात शेवंता या दुसऱ्या बाईचं येणं. माधव अभ्यंकर अण्णा, शकुंतला नरे माई, अपूर्वा नेमळेकर शेवंता. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते.

माझी पहिली चूक इथेच झाली. दुसरं पर्व म्हणजे पुढची गोष्ट, असं मी धरून चाललो होतो. जानेवारीत दोन-चार भाग पाहिले, अण्णा हिंडताफिरताना दिसले आणि 'मेलेला माणूस परत आणला, प्रेक्षक खेचायला काहीही करतात' असं म्हणून टीव्ही बंद केला. ऑगस्टमध्ये संपादकांनी परिचर्चेचं काम दिलं, तेव्हा माझं या पर्वाचं ज्ञान एवढंच होतं. ही पूर्वकथा आहे हे मला मत विचारायला गेलेल्या पहिल्याच माणसाने सांगितलं. तेव्हाच थांबून मागचे सगळे भाग बघायला हवे होते. मी फक्त प्रश्नावलीतला एक शब्द बदलला.

प्रश्नावली अजून माझ्या वहीत आहे. पहिला प्रश्न असा: 'दुसऱ्या पर्वात भीती कमी झाली आहे असं तुम्हाला वाटत नाही का?' असा प्रश्न विचारल्यावर भला माणूस 'हो, तसं आहे खरं' असंच म्हणणार. त्यातून मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात मला 'गुरुजी' म्हणतात. गुरुजींनी प्रश्नातच उत्तर घालून दिल्यावर त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं वेगळं काय सांगणार? आयुष्यभर मुलांना 'स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहा' असं सांगत आलो आणि इथे सगळ्यांना माझे शब्द दिले.

या प्रश्नामागे २०१६ पासूनचा राग होता, तोही सांगितला पाहिजे. पहिलं पर्व सुरू झालं तेव्हा सिंधुदुर्गातून विरोध झाला होता. कोकणी माणसाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, अशा तक्रारी होत्या. मी त्या तक्रारींच्या बाजूचा होतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आम्ही काही शिक्षक शाळाशाळांतून समजावून सांगत होतो आणि रात्री घरोघर हीच मालिका लागत होती. तो राग खरा होता, आजही त्याची मला लाज वाटत नाही. पण रागाने पाहिलेल्या पहिल्या पर्वाबद्दलचं मत मी दुसऱ्या पर्वावर जसंच्या तसं चिकटवलं, हे बरोबर नव्हतं.

मतं गोळा करायला मी कुठे गेलो? रामवाडीत गोवा महामार्गालगत एसटीचं विभागीय कार्यालय आणि कार्यशाळा आहे. तिथल्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेलो. मग किराणा दुकान, सलून, देवळाचा कट्टा. म्हणजे सगळीकडे पुरुष. मालिका रात्री साडेदहाला लागायची. ती घरात बसून रोज बघणारं माणूस कोण, हे विचारलं असतं तर मी त्या टपरीवर गेलोच नसतो. टपरीवर अण्णांच्या आवाजाची नक्कल झाली, पांडूचं 'इसारलंय' झालं, शेवंतेबद्दल हसणं-खिदळणं झालं. एक चालक म्हणाला, "गुरुजी, अण्णा म्हणजे अण्णा! घरात असाच वचक पाहिजे." मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं आणि खाली लिहिलं की प्रेक्षकांना अण्णा आवडू लागला आहे, ही चिंतेची बाब आहे. टपरीवरच्या सात-आठ पुरुषांना मी 'प्रेक्षक' म्हणून टाकलं.

बायकांची मतं मी त्यांच्या नवऱ्यांकडून घेतली. 'घरी काय म्हणतात?' असं विचारायचो. 'बघतात, पण शेवंता आली की तोंड फिरवतात' असं कुणी म्हणालं की लिहून घ्यायचो. 'गृहिणींना शेवंता आवडत नाही' हे माझं वाक्य अशा ऐकीव साक्षींवर उभं होतं.

एकाच ठिकाणी मी बायकांशी थेट बोललो, आणि तिथे मिळालेलं सगळ्यात मोलाचं मत मी गाळलं.

पेण परिसरात गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. चतुर्थी दहा-बारा दिवसांवर आली की तिथे दिवस आणि रात्र एक होते. ऑगस्टच्या उत्तरार्धात रामवाडीजवळच्या एका ओळखीच्या कारखान्यात मी रात्री गेलो. फळ्यांवर ओळीने मूर्ती, काहींचे पितांबर रंगवलेले, काहींना नुसता अंगाचा रंग, डोळे बाकी. हवेत रंगाचा उग्र वास. कोपऱ्यात खोक्यावर छोटा टीव्ही. आठ-दहा बायका मांडी घालून दागिन्यांची सोनेरी भरत होत्या. आखणीचं काम, म्हणजे डोळे काढायचं, दोघीच करत होत्या, कारण त्याला हात स्थिर लागतो. साडेदहाला मालिकेचं संगीत सुरू झालं तरी सगळ्यांचे हात चालूच. बघणं कमी, ऐकणं जास्त. मग पडद्यावर अण्णा घरी परतण्याचा प्रसंग आला. दारातली चाहूल, खाकरणं, काठी, माईंचं पदर सावरत उठणं. आखणी करणाऱ्या दोघींनी कुंचले डोळ्यांपासून उचलले आणि बाजूला धरून ठेवले. एकीने शेजारच्या मुलीला खूण केली, तिने उठून टीव्हीचा आवाज कमी केला. अण्णा आतल्या खोलीत गेले तसा तो परत वाढवला आणि कुंचले पुन्हा डोळ्यांवर टेकले.

प्रसंगात भूत नव्हतं. अंधारही नव्हता. मी विचारलं, "काकी, आवाज का कमी केलात? यात भ्यायचं काय आहे?"

त्या वयस्कर आगरी बाई मूर्तीवरची नजर न काढता म्हणाल्या, "भूत कवा तरी येतं. ह्यो त रोज रातचे घरान येतं."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने दुसरी म्हणाली, "काकी, रंग सुकतोय," आणि काम पुढे सुरू झालं.

मी ते वाक्य वहीत उतरवलं. समोर समासात माझ्याच अक्षरात शेरा आहे: 'विषयांतर. मालिकेशी संबंध नाही.' आज त्या शेऱ्याकडे बघवत नाही. दुसऱ्या पर्वाचं त्याहून नेमकं परीक्षण मी कुठेही वाचलेलं नाही. ते माझ्या हातात आलं होतं आणि माझ्या शीर्षकात बसत नाही म्हणून मी ते बाजूला टाकलं. त्याच बाईंचं दुसरं एक किरकोळ वाक्य, 'हे पर्व लांबवतात', तेवढं छापलं. तेही त्यांच्या बोलीत नाही. 'या पर्वात कथानक काहीसे लांबवल्यासारखे वाटते' असं प्रमाण मराठी त्यांच्या तोंडी घातलं. त्याच लेखात वरच्या परिच्छेदात मी मालिकेतल्या मालवणीची स्तुती केली होती, की बोलीभाषा एवढ्या मोठ्या वाहिनीवर सन्मानाने आली. आकेरीच्या बोलीला मान आणि रामवाडीच्या आगरीला खोडरबर, असा तो प्रकार. रामवाडीहून आकेरी शेकडो किलोमीटर लांब. तरी तिथली भाषा इथे अडली नाही, याचं कारण अनेकांनी मला सांगितलं होतं. मालिकेतली माणसं आम्ही घरात बोलतो तशी बोलतात, टीव्हीसारखी बोलत नाहीत. हेही मी छापलं नाही.

अंक आला त्यानंतर महिनाभराने मी दुसरं पर्व पहिल्या भागापासून पाहायला घेतलं. कारण त्या बाईंचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पाहिल्यावर कळलं की लेखकांनी भीतीची जागाच बदलली होती. पहिल्या पर्वात प्रश्न होता, वाड्यात काय आहे? दुसऱ्या पर्वात त्याचं उत्तर आधीच माहीत आहे. अण्णा मरणार आहेत हे पहिलं पर्व पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे 'पुढे काय' ही उत्सुकता जाते आणि 'हे असं कसं झालं' एवढंच उरतं. एक माणूस घराला कसा खातो, घरातली बाकीची माणसं दबून, गप्प राहून, खोटं बोलून, वेडाचं सोंग घेऊन कशी जगतात, हे रोज रात्री बघावं लागतं. अण्णांचा आवाज आला की मुलं जागच्या जागी थिजतात. माई बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतात. शकुंतला नरे यांनी ती अर्धी राहिलेली वाक्यं फार ताकदीने केली आहेत. अण्णा मेल्यावर त्यांचं भूत का होतं, याचं उत्तर या दिवसांत आहे. जिवंतपणी ज्याने घर सोडलं नाही, तो मेल्यावर कसं सोडेल?

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मी तरुणपणापासून वाचतो. मध्यमवर्गीय घरात, दिवसाउजेडी, ओळखीच्या माणसाकडून भीती कशी येते, हे त्यांनी किती वर्षं दाखवलं. पुस्तकात ते मला कळत होतं. टीव्हीवर तेच आलं तर मी भूत शोधत बसलो, कारण टीव्ही बघणाऱ्यांना एवढं बारीक कळत असेल यावर माझा विश्वासच नव्हता. यातली मुळातली चूक हीच, आणि ती मालिकेपेक्षा मोठी आहे. मी माझ्या शेजाऱ्यांना स्वतःपेक्षा कमी समजत होतो.

शेवंतेबद्दलही तसंच झालं. टपरीवरचं हसणं मी अख्ख्या गावाचं मत मानलं आणि लेखात 'उत्तान' हा शब्द वापरला. नंतर स्वतः पाहताना, आणि मग माझ्या वहिनीशी, बहिणीशी, शेजारच्या बायकांशी सरळ बोलताना वेगळंच ऐकायला मिळालं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तिला घर पाहिजे होतं. त्याने तिला घर देतो म्हणून फसवली." बहिणीला तिचा राग होता, पण तो राग माईंच्या बाजूने होता आणि तरीही शेवंतेच्या शेवटाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एक शेजारीण म्हणाली की माईंची आणि शेवंतेची बाजू एकच आहे, दोघींना ते कळत नाही एवढंच. अपूर्वा नेमळेकरांनी ती बाई नुसती मोहक केली नाही. तिची हाव, तिचा हट्ट, तिची फसगत, तिचा एकटेपणा असं सगळं त्यात आहे. यातली कुठलीही बाई 'तोंड फिरवत' नव्हती.

आता सगळ्यात जड गोष्ट. वरच्या चुकांनी फार तर माझ्या लेखाचं नुकसान झालं, हिने दुसऱ्यांचं केलं.

लेखात मी एक उदाहरण दिलं होतं. मालिका बघून आमच्या भागातली एक सून इतकी घाबरली की तिला भगताकडे न्यावं लागलं, असं. नाव दिलं नव्हतं, पण वाडीचा उल्लेख होता आणि घराची खूण पटावी एवढा तपशील होता. ही गोष्ट मी देवळाच्या कट्ट्यावर ऐकली होती. अंधश्रद्धा वाढते या माझ्या मुद्द्याला ती इतकी चपखल बसत होती की मी त्या घरी जाऊन विचारलंसुद्धा नाही. अंक आल्यावर तिचे सासरे मला भेटायला आले. भांडायला आले नव्हते. ओट्यावर बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, एकदा आमच्याकडे येऊन विचारलं असतंत तर?" सून बाळंतपणापासून आजारी होती. पेणच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. भगताकडे नेलं होतं हे खरं, पण मालिकेचं दुसरं पर्व सुरू व्हायच्या कितीतरी आधी. आणि आता बाजारात लोक तिला मालिकेवरून चिडवत होते.

अंधश्रद्धेविरुद्ध लिहिताना मी स्वतः ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला. एक आजारी मुलगी माझ्या मुद्द्यासाठी वापरली. मी त्यांच्या घरी जाऊन तिची आणि सासूबाईंची माफी मागितली. त्यांनी चहा दिला, विषय वाढवला नाही. दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो, पुढच्या वर्षी तो निघालाच नाही, त्यामुळे छापील दुरुस्ती झाली नाही. दुसरीकडे कुठे तरी ती छापून आणायचा प्रयत्न मी करायला हवा होता. केला नाही, लाज आडवी आली.

पुढे २०२० साल सगळ्यांचंच विस्कटलं. मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली. मेमध्ये मतकरी गेले, करोनाने. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, रायगडात पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. जुलैमध्ये मालिकांचे नवे भाग आले तेव्हा गणपतीचे कारखाने कसेबसे चालू होते. घरच्या मूर्तीला दोन फूट, सार्वजनिकला चार फूट अशी मर्यादा सरकारने घातली होती. चतुर्थी २२ ऑगस्टला आली आणि २९ ऑगस्टला, गणपती अजून घरात असतानाच, दुसरं पर्व संपलं. अण्णा आणि शेवंता दोघांचाही शेवट झाला आणि गोष्ट पहिल्या पर्वाच्या दाराशी येऊन थांबली. या वेळी मी कुणाला प्रश्नावली दिली नाही. लोक आपणहून बोलत होते ते ऐकलं. मधले महिने फार ताणले, वच्छी या पात्राचं प्रकरण आणि पांडूचे विनोद वाढवले, असं बहुतेकांचं म्हणणं होतं आणि ते मला पटतं. रोज एक भाग भरायचा म्हटलं की हे होतंच. काहींना अण्णांची एवढी पापं बघून शेवटी कंटाळा आला. शेवट घाईत झाला असंही काही जण म्हणाले. पण भीती कमी झाली असं मला एकाही बाईने सांगितलं नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये तिसरं पर्व आलं, त्यात पुढे शेवंतेचं काम करणारी अभिनेत्रीही बदलली. त्याबद्दल रामवाडीत वेगळी चर्चा झाली, पण तो या लेखाचा विषय नाही.

दुसऱ्या पर्वाबद्दल माझं आजचं मत असं: लांबण सोडली तर ते पहिल्यापेक्षा सरस आहे. आपल्या टीव्हीवर घरातल्या दहशतीचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अण्णांच्या संवादांवर टाळ्या मिळाल्या हा धोका त्यात होता आणि आहे, तेवढी माझी जुनी काळजी अजून कायम आहे. पण त्या टाळ्या कोण वाजवत होतं आणि टीव्हीचा आवाज कोण कमी करत होतं, हे वेगवेगळं लिहायला हवं होतं.

२०१९ चा तो अंक पेण-रोह्याकडे कुणाच्या घरी अजून असेल तर कृपा करून माझ्या लेखातलं 'गृहिणींना शेवंता आवडत नाही' हे वाक्य आणि भगताचा परिच्छेद खोडून टाका. आणि ज्या काकींचं म्हणणं मी गाळलं, ते त्यांच्याच बोलीत वर दिलं आहे. तेवढं अंकाच्या त्या पानावर लिहून ठेवा.